पाऊण लिटरचा प्रश्न

माझ्दाच्या पहिल्या पिढीतल्या १.६ लिटर इंजिनाच्या एमएक्स-५ मध्ये मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला, ०.६५ लिटर तेल लागतं. पुढे १.८ लिटरचं इंजिन आलं, डिफरन्शियल मोठं झालं, तरी तेल लिटरभरच. इंजिनात याच्या कितीतरी पट तेल फिरतं. त्याला पंप असतो, फिल्टर असतो, प्रेशर उतरलं तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. इथे यातलं काहीच नाही. क्राउन व्हील तेलात अर्धवट बुडून फिरतं, तेल वर उडवतं, आणि पिनियनच्या बेअरिंगपर्यंत जेवढं पोचेल तेवढं पोचतं. झिजेतून सुटलेला लोखंडाचा चुरा त्याच तेलात राहतो. गाडीतल्या सगळ्या तेलांत याच्याइतकं दुर्लक्षित तेल दुसरं नसेल, आणि एकदा लक्ष गेलं की याच्याइतके वादही दुसऱ्या तेलावरून होत नाहीत.

या वादांत बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या नावाने सुरुवात होते. कोणी रेड लाइनची शपथ घेतो, कोणी मोटुलची, कोणी कॅस्ट्रॉलची. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी हाउसिंगच्या आत नेमकी कोणती यंत्रणा बसवली आहे ते पाहायचं. त्यावरून तेलात घर्षण बदलणारी पुरवणी, म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर, हवा की नको ते ठरतं. मग जाडी, मग गाडी किती तापणार याचा हिशोब. डब्यावरच्या नावाची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तोवर निवडायला फारसं उरलेलं नसतं.

तेलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९२६ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने आपल्या गाड्यांत हायपॉइड क्राउन-पिनियन आणलं. ते दाते कापण्याचं तंत्र न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्लिसन कंपनीचं. साध्या बेव्हल गिअरमध्ये पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यातून जातो. हायपॉइडमध्ये तो खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो, गाडीचं बूड खाली येतं, दाते अधिक मजबूत होतात आणि आवाज कमी होतो. पण या फायद्यांची किंमत तेलाला मोजावी लागते. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसटत जातात, तेही प्रचंड दाबाखाली. अशा जागी साध्या खनिज तेलाचा थर टिकत नाही. तो फाटला की पोलाद पोलादाला भिडतं, क्षणभर चिकटतं आणि ओरबाडून सुटतं.

यावर उपाय निघाला तो रसायनशास्त्राचा. तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालायची. दाते भिडतात त्या जागी उष्णता वाढली की ही संयुगं लोखंडाशी क्रिया करून एक अतिपातळ थर तयार करतात, आणि घासला जातो तो थर, दाता नव्हे. थर झिजला की नवा बनतो. जुनं डिफरन्शियल ज्याने एकदा तरी उघडलं असेल त्याला तो उग्र गंधकी वास ठाऊक असतो. आठवडाभर कपड्यांतून जात नाही. सुरुवातीच्या काळात या कामासाठी शिशाचे साबण आणि क्लोरीनची संयुगंही वापरली जात. विषारी म्हणून ती मागे पडली.

आणि देवमासेही वापरले जात. स्पर्म व्हेलचं तेल रासायनिक दृष्ट्या तेल नसून द्रवरूप मेण आहे. ते धातूला घट्ट धरून राहतं, तापमान सोसतं आणि गंधकाशी सहज जोडलं जातं. त्यामुळे गिअर ऑइलमध्ये, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात आणि जनरल मोटर्सने लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाचं मोकळं घसरणं रोखणाऱ्या, डिफरन्शियलसाठी विकलेल्या पुरवणी द्रवात त्याचा वापर होत असे. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि हा पुरवठा बंद पडला. पर्याय शोधताना संशोधकांची नजर होहोबाच्या बियांवर गेली, कारण त्यांतून निघणारा द्रवही मेणच असतो. पुढे कृत्रिम संयुगांनी बाजी मारली आणि होहोबा सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांत जाऊन बसला. आज मॉडिफायरच्या छोट्या बाटलीला जी किंमत पडते तिच्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हा इतिहास आठवायला हरकत नाही.

आता डब्यावरच्या अक्षरांकडे वळू. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची जीएल-१ पासूनची उतरंड आहे, आणि हायपॉइड डिफरन्शियलसाठी त्यातली जीएल-५ ही पायरी लागते. तिच्यामागे चाचण्यांचा संच आहे: कमी वेगात जास्त ताण, भरधाव वेगात अचानक झटका, ओलाव्याने येणारा गंज, उष्णतेने तेल कुजणं. पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इंजिन ऑइलच्या डब्यावरच्या चिन्हासाठी संस्था परवाना देते. जीएल-५ साठी असा परवाना नसतो. ‘जीएल-५’ हा विकणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. ज्याला त्रयस्थाने तपासलेलं तेल हवं त्याने डब्यावर ‘एसएई जे२३६०’ शोधावं. हे मानक अमेरिकी लष्कराच्या जुन्या मानकातून आलं आहे, आणि त्याखाली मान्यता मिळवायची तर चाचण्यांचे निकाल समितीपुढे ठेवावे लागतात. काही महागड्या डब्यांवर ‘जीएल-६’ असंही छापलेलं दिसतं. ती पायरी केव्हाच रद्द झाली आहे, तिच्या चाचणीची यंत्रसामग्रीही आता मिळत नाही. जीएल-६ वाचून जास्त पैसे मोजू नयेत.

खरा पेच लिमिटेड स्लिपचा आहे. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल असेल तर विषय इथेच संपतो: योग्य जाडीचं कुठलंही चांगलं जीएल-५ घाला आणि गाडी चालवा. पण स्पोर्ट्‌स कारमध्ये साधं डिफरन्शियल म्हणजे वळणावर आतलं चाक हलकं झालं की सगळी ताकद त्या चाकाच्या धुरात जाणार. म्हणून त्यावर बंधन घालणाऱ्या यंत्रणा आल्या. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांची चाकं भलत्या वेगातही जागेवर फिरत, तेव्हा फर्डिनांड पोर्शने जर्मनीच्या झेडएफ कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला. सर्वसामान्य गाड्यांत ही सोय १९५६ मध्ये स्टुडबेकर-पॅकार्डच्या ‘ट्विन ट्रॅक्शन’ने आणली.

यातला एक जुना आणि आजही खूप वापरला जाणारा प्रकार म्हणजे क्लच प्लेटांचा. दोन्ही बाजूंच्या गिअरांमागे पोलादी प्लेटांच्या थप्प्या असतात. ताण वाढला की त्या दाबल्या जातात आणि दोन्ही चाकांना एका वेगात फिरायला भाग पाडतात. या प्लेटा त्याच जीएल-५ तेलात भिजलेल्या असतात, आणि तेलाकडून त्यांना हवं असतं ते दात्यांना हवं असतं त्याच्या जवळजवळ उलट. दात्यांना घर्षण शक्य तितकं कमी हवं. प्लेटांना घर्षण हवंच असतं, पण एका विशिष्ट रीतीचं: प्लेटा स्थिर असताना ते फार जास्त नको, आणि घसरू लागल्यावर एकदम कमी व्हायला नको. स्थिर घर्षण घसरत्या घर्षणापेक्षा बरंच जास्त असलं की प्लेट चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, फळ्यावर खडू अडखळत ओढावा तशी. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघालं की मागून येणारा घरघराट आणि हादरे हेच असतात. फ्रिक्शन मॉडिफायरचे लांब रेणू प्लेटांच्या पृष्ठभागाला चिकटून हे सुरुवातीचं चिकटणं कमी करतात.

सगळे मतभेद इथे आहेत, आणि मॉडिफायर किती घालायचा हा प्रश्न मला जाडीच्या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. मस्टँगच्या जुन्या ८.८ इंची ट्रॅक्शन-लॉक अ‍ॅक्सलसाठी फोर्डने बरीच वर्षं ७५डब्ल्यू-१४० तेल आणि सोबत चार औंस, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटर मॉडिफायर सांगितला. आवाज आला की आणखी एक बाटली ओतायची अशी अनेकांची पद्धत आहे. आवाज थांबतो खरा, पण मॉडिफायर वाढला की प्लेटांची पकडही उतरते. मालकाने पैसे मोजून घेतलेलं लिमिटेड स्लिप हळूहळू साध्या डिफरन्शियलसारखं वागू लागतं, आणि हा बदल रस्त्यावर जाणवतही नाही. उलट ट्रॅकवर धावणारी मंडळी मुद्दाम मॉडिफायर नसलेलं तेल घेतात. रेड लाइनच्या ७५डब्ल्यू-९०एनएस या तेलातली ‘एनएस’ ही अक्षरं तेच सांगतात. ओएस गिकेनसारख्या जपानी कंपनीचं शर्यतीसाठीचं डिफरन्शियल तर ८०डब्ल्यू-२५० असं स्वतःचं जाडजूड तेल मागतं, आणि पार्किंगमध्ये आवाज करणं हे त्याचं कामच समजलं जातं. माझा कल असा: रस्त्यावरच्या गाडीत उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करावी, पार्किंगमध्ये मुद्दाम आठच्या आकड्यात गाडी फिरवून पाहावी, आणि आवाज येत राहिला तरच थोडं थोडं वाढवत त्या प्रमाणापर्यंत जावं. डब्यावर ‘एलएस’ असेल तर मॉडिफायर आधीच मिसळलेला आहे. त्यात वरून बाटली ओतणं टाळावं.

दुसरा प्रकार गिअरांचा. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकाला १९५८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि हायपॉइडवाल्या त्याच ग्लिसन कंपनीने पुढे तो टोर्सन या नावाने बाजारात आणला. आउडीने १९८६ पासून क्वाट्रोच्या मधल्या डिफरन्शियलसाठी त्याचा वापर केला. एमएक्स-५ मध्ये सुरुवातीला पर्याय म्हणून व्हिस्कस लिमिटेड स्लिप मिळत असे, १.८ लिटरच्या इंजिनासोबत तिथे टोर्सन आला. ब्रिटनच्या क्वाइफचा हेलिकल प्रकार याच घराण्यातला. इथे प्लेटा नाहीत. ताण आला की गिअर एकमेकांवर आणि हाउसिंगवर दाबले जातात, आणि त्या घर्षणानेच ताकद जास्त पकड असलेल्या चाकाकडे सरकते. त्यामुळे मॉडिफायरची गरज नाही, आणि घातला तर ताकद सरकवण्याची क्षमता थोडी कमीच होते. साधं, चांगलं जीएल-५ पुरतं. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जोडगोळीतल्या टोर्सनला टोयोटाने ७५डब्ल्यू-८५ सांगितलं आहे. असं असूनही टोर्सनवाल्या गाडीत ‘स्पोर्ट्‌स कार आहे, लिमिटेड स्लिप आहे’ एवढं ऐकून मॉडिफायरची बाटली रिकामी करणारे मेकॅनिक भेटतात. आधी आत काय आहे ते पाहा, हा आग्रह त्यासाठीच.

व्हिस्कस प्रकारात सिलिकॉनचा द्रव एका सीलबंद डब्यात असतो आणि बाहेरच्या गिअर ऑइलशी त्याचा संबंध येत नाही. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मात्र दोन्ही कल्पनांची सांगड आहे. जीकेएनच्या व्हिस्को-लॉकमध्ये दोन चाकांच्या वेगात फरक पडला की सीलबंद सिलिकॉन द्रवाचा दाब वाढतो आणि तो दाब प्लेटांची थप्पी आवळतो. सिलिकॉन आत बंद, पण प्लेटा गिअर ऑइलमध्ये. म्हणून त्या गाडीला मॉडिफायर असलेलं ७५डब्ल्यू-१४० लागतं, साध्या ई४६ च्या ओपन डिफरन्शियलचं तेल चालत नाही.

फेरारीने २००४ मध्ये एफ४३० मध्ये आणलेलं ई-डिफ आणि नंतरच्या अनेक गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियलं यांनी तर निवडीचा प्रश्नच मिटवला. तिथे प्लेटा किती आवळायच्या हे संगणक ठरवतो, आणि तो हिशोब एका ठरावीक तेलाचं ठरावीक घर्षण गृहीत धरून केलेला असतो. तेल बदललं की संगणकाचं गणित चुकतं. अशा गाडीत उत्पादकाचंच तेल घालावं. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

जाडीबद्दल मात्र वाद हवेत तेवढे घालता येतात, कारण गैरसमज भरपूर आहेत. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘नव्वदचं ऑइल’ म्हटलं की ते इंजिनच्या चाळीस-पन्नासपेक्षा दुप्पट जाड असणार असं वाटतं. तसं नाही, दोन्ही मापं वेगळी आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या मधे असतं, म्हणजे साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलच्याच पट्ट्यात. १४० नंबरचं २४ ते ३२.५. दुसरी गोष्ट जुन्या गाड्यांच्या मालकांनी ध्यानात ठेवायची. २००५ पूर्वी ९० चा पट्टा १३.५ पासून थेट २४ पर्यंत होता. मग त्याचा वरचा भाग तोडून ११० ही नवी पायरी केली. तेव्हा १९८० च्या मॅन्युअलमध्ये ‘९०’ लिहिलं असेल तर त्या वेळी भरलं जाणारं तेल आजच्या हिशोबाने ११० ही असू शकेल.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० अंशांतही ते तेल दात्यांपर्यंत पोचेल इतपत वाहतं. मुंबई-पुण्यात या आकड्याला थेट काही किंमत नाही. पण ७५डब्ल्यू-९० बनवायला बहुधा सिंथेटिक बेस लागतोच, आणि तो उष्णतेत जास्त टिकतो. त्यामुळे हा आकडा आडवाटेने आपल्या कामाची माहिती देतो. त्याच वेळी ७५ आणि १४० यांतलं अंतर भरून काढायला काही तेलांत पॉलिमर ढोसलेले असतात, आणि दात्यांमध्ये चिरडले गेले की ते तुटतात. तेल भरताना १४० असतं, वर्षभराने तेवढं राहत नाही. एसएईच्या जे३०६ या मानकात आता तेल वीस तास रगडून मग मोजण्याची अट आहे, तिचं कारण हेच.

जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत मस्टँगनेच मोडीत काढली. २०१५ मध्ये स्वतंत्र मागचं सस्पेन्शन आलं तेव्हा फोर्डने तेल ७५डब्ल्यू-८५ केलं, म्हणजे १०० अंशांना ११ ते १३.५ सेंटिस्टोक, जुन्याच्या साधारण निम्मं. ताकद काही घटली नव्हती. भारतात २०१६ पासून विकली गेलेली मस्टँग जीटी याच पिढीची आहे, आणि तिच्यात जुन्या सवयीने ८५डब्ल्यू-१४० भरलं तर फायदा कसलाच नाही. तेल घुसळण्यातच शक्ती जाते, आणि ती शक्ती उष्णता होऊन त्याच तेलात परत येते. पातळ तेलामागे इंधन वाचवण्याचा हिशोब असतो हे खरं. पण दात्यांचं फिनिशिंग आणि रसायनं सुधारल्यामुळेच तो हिशोब परवडतो. नेहमीच्या वापरात उत्पादकाचा आकडा पाळावा. ट्रॅकवर वारंवार नेत असाल तर एक पायरी वर जाणं समजू शकतो. दोन पायऱ्या वर जायला मात्र मला कारण दिसत नाही.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच हाउसिंगमध्ये असतील तर गुंता वाढतो. पोर्श ९११ च्या जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवणारे सिंक्रोनायझर आणि क्राउन-पिनियन एकच तेल वाटून घेतात. क्राउनला जीएल-५ ची रसायनं हवीत, तर सिंक्रोच्या रिंगला पकड हवी. फार निसरडं तेल असलं की गिअर टाकताना खरखरतं. जीएल-५ सिंक्रोचं पितळ खातं ही ओरड काही प्रमाणात जुन्या, तीव्र गंधकाच्या तेलांची आहे. आताच्या चांगल्या तेलांत गंधक बरंच आटोक्यात असतं. तरीही इथे स्वतःचे प्रयोग करू नयेत. हवेने थंड होणाऱ्या ९११ वाल्यांमध्ये स्वेपको २०१ या तेलाला जो मान आहे तो गिअर टाकतानाच्या त्या स्पर्शामुळे.

बदलायचं कधी? आयुष्यभर पुरेल असं तेल भरलं आहे, असं अनेक उत्पादक सांगतात. पण बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ च्या पहिल्या २००० किलोमीटरच्या सर्व्हिसमध्ये डिफरन्शियलचं तेल बदलायला सांगितलं होतं, कारण नवे दाते एकमेकांत बसताना सर्वांत जास्त चुरा तेव्हाच सुटतो. ट्रॅकवर तर तेलाची सहनशक्ती लवकर संपते. २०१३ च्या शेल्बी जीटी५०० मध्ये फोर्डने ट्रॅक पॅकेजमध्ये डिफरन्शियलसाठी वेगळा कूलर दिला तो हौसेपोटी नव्हे. रस्त्यावरच्या गाडीसाठी ५० हजार किलोमीटर आणि ट्रॅकवरच्या गाडीसाठी दर हंगामाला एकदा, असं मी धरतो. लिटरभर तेलाची किंमत क्राउन-पिनियनच्या जोडीपुढे काहीच नाही.

आपल्याकडे एक कारण वेगळं आहे, ते पावसाचं. हाउसिंगला श्वास घ्यायला वर एक ब्रीदर असतो. हायवेवरून तापून आलेली खालच्या बुडाची गाडी मुंबईतल्या तुंबलेल्या पाण्यात शिरली की हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा म्हाताऱ्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं की किलोमीटर मोजत बसायचं नाही, लगेच काढायचं. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर उलटं होतं: आतला दाब वाढून चांगलं सील गळायला लागतं, आणि मेकॅनिक दोनदा सील बदलतो.

तेल गाडी थोडी चालवून, कोमट असताना काढावं. ड्रेन नटला बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी लेप दिसला तर काळजी नाही, बोटाला टोचणारे तुकडे लागले तर हाउसिंग उघडायची वेळ आली. आत कुठलं डिफरन्शियल आहे हे कागदांवरून कळत नसेल तर दोन्ही मागची चाकं उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावं. दुसरं चाक त्याच दिशेने फिरलं तर आत बहुधा प्लेटा आहेत. उलट फिरलं तर ओपन असेल किंवा टोर्सन, किंवा प्लेटा पार झिजल्या असतील. तेव्हा हाउसिंगवरची पट्टी किंवा चासी नंबरावरून पार्टची यादी पाहावी. आणि ड्रेन नटला पाना लावण्याआधी वरचा, तेल भरण्याचा नट सुटतो का ते पाहावं. तो गंजून बसलेला असतो, षटकोनी खाच घासून गोल झालेली असते, आणि हे लक्षात येतं तेव्हा जुनं तेल खालच्या ट्रेमध्ये आणि गाडी जॅकवर असते. नवं तेल पंपाने भरायचं, गाडी सपाट ठेवून, भोकाच्या खालच्या काठापर्यंत. त्याहून जास्त भरलं तर ते फेसाळतं आणि ब्रीदरमधून बाहेर येतं.